टॉलिव्हरच्या कुरणातला सोमवार

ग्रासी एचेबेरी आमच्या कोर्टात तीनशे बारा वेळा शपथेवर खरं बोलली. आकडा बरोबर आहे, कारण प्रत्येक वेळी तिच्यापुढे बायबल धरणारा कारकून मीच होतो. एवढ्या वेळा खरं बोलण्याची पाळी आमच्या राज्यात दुसऱ्या कुणावर आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

नेव्हॅडात सहा आठवडे राहिलं की माणूस इथला रहिवासी होतो, आणि रहिवाशाला इथे घटस्फोट मिळतो. पण राहिलो असं नुसतं सांगून भागत नाही. 'मी हिला रोज डोळ्यांनी पाहिलं' म्हणणारा एक साक्षीदार लागतो, आणि जिच्या घरी उतरलं ती घरमालकीणच बहुधा साक्षीला येते. ग्रासीची खाली खाणावळ होती आणि वर आठ खोल्या. म्हणून दर पंधरवड्याला ती काळी टोपी घालून कोर्टाच्या पायऱ्या चढायची.

"फिर्यादीला ओळखता?" वकील विचारायचे.

"ओळखते."

"गेले बेचाळीस दिवस रोज पाहिलंत?"

"रोज."

"नेव्हॅडा राज्यात?"

"नाहीतर कुठे?"

"साक्षीदारानं हो किंवा नाही म्हणावं," न्यायाधीश पॉमरॉय कागदावरून नजर न काढता म्हणायचे.

"हो."

सहा वर्षांत, एक वेळ सोडली तर, यात एका अक्षराचा बदल झाला नाही. पाद्र्यानं म्हणावं आणि भाविकांनी उत्तर द्यावं तसं ते चालायचं. एका घटस्फोटाला सात मिनिटं लागत. बाहेर पडलेल्या बायका बोटातली अंगठी काढून कोर्टासमोरच्या, घोड्यांसाठी बांधलेल्या हौदात टाकत. मोठ्या शहरात त्या नदीत टाकतात म्हणे. आमच्याकडे नदी नाही. लोहार दर हिवाळ्याआधी हौद साफ करायचा आणि त्याबद्दल कधी कुणाला तक्रार करताना दिसला नाही.

आमच्या राज्याचा स्वभाव समजल्याशिवाय ग्रासीचं काम समजणार नाही. हे राज्य घाईत जन्मलं. १८६४ साली युद्ध चाललं होतं, निवडणूक तोंडावर आली होती, वॉशिंग्टनला आणखी एक राज्य हवं होतं, आणि राज्यघटनेच्या टपालानं पाठवलेल्या प्रती काही पोचेनात. शेवटी सगळी घटना तारेनं पाठवली. दोन दिवस बिचारे तारवाले टकटक करत बसले होते. ज्या राज्याची घटना पोस्टमनवर विश्वास न ठेवता आली, ते पुढे कागदापेक्षा साक्षीदारावर भिस्त ठेवू लागलं तर त्यात नवल नाही. चांदी आधीपासून निघत होती, ती पुढे संपली, आणि माणसं इतकी कमी उरली की हिचं राज्यपण काढून घ्यावं असंही पूर्वेकडचे लोक बोलू लागले. तेव्हा आमच्या पुढाऱ्यांनी विचार केला की जमिनीतून काही निघत नसेल तर कायद्यातून काढावं. शेजारच्यांनी बंदी घातलेली मुष्टियुद्धं आम्ही भरवली. १९३१च्या मार्चमध्ये गव्हर्नरांनी एकाच दिवशी दोन कायद्यांवर सही केली. एकानं जुगार खुला झाला आणि दुसऱ्यानं घटस्फोटाची मुदत सहा आठवड्यांवर आली. म्हणजे संसार मोडायला सहा आठवडे आणि खिसा मोकळा करायला एक संध्याकाळ.

ग्रासी याआधीच इथे आली होती. १९०९ साली, सतरा वर्षांची, पिरेनीज पर्वतातल्या बास्क खेड्यातून, कोटाला आमच्या गावाच्या नावाची चिठ्ठी टाचून. स्टेशन आलं तेव्हा तिनं खिडकीबाहेर पाहिलं. क्षितिजापर्यंत करडी झुडपं. गाडी बिघडली असेल असं वाटून ती उतरलीच नाही. गार्डनं चिठ्ठी वाचली आणि तिला ट्रंकेसकट खाली ठेवलं. पुढे तिनं बेन्यात नावाच्या मेंढीवाल्याशी लग्न केलं. चौदा साली आमच्या पुरुषांनी बायकांना मतदानाचा हक्क दिला. ती पहिलं मत देऊन आली तेव्हा बेन्यातनं विचारलं, "कुणाला दिलंस?"

"मत गुप्त असतं."

"अगं, मी नवरा आहे तुझा."

"म्हणून तर."

बेन्यात एकोणतीसच्या हिवाळ्यात बर्फात न्यूमोनियानं गेला. मेंढ्या दिराकडे राहिल्या, खाणावळ तिच्याकडे. मूल झालं नव्हतं, तरी डोंगरावरचे सगळे बास्क मेंढपाळ तिला अमाची म्हणत. म्हणजे आजी. वयानं त्यातले निम्मे तिच्याहून थोरले होते.

तिची पाहण्याची पद्धत पक्की होती. सकाळी पाहुणी टेबलावर आली की ग्रासी तिच्याकडे नीट बघायची आणि फडताळातल्या तिच्या नावाच्या बरणीत राजम्याचा एक दाणा टाकायची. दाणा पडल्याशिवाय कॉफी नाही. कुणी न्हाणीघरात असेल तर दाराबाहेर उभी राहून म्हणायची, "डोकं बाहेर काढा." साबणाचा फेस असलेली डोकी तिनं पुष्कळ पाहिली. बेचाळीस दाणे झाले की शेवटच्या रात्रीच्या जेवणात तेच दाणे शिजायचे. तेहतीस साली एक पाहुणी दोन दिवस सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आली आणि ग्रासीनं भर कोर्टात चाळीस म्हणून सांगितलं. वकिलानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू खुर्चीच बोलली. पण तेव्हापासून न्यायाधीश पॉमरॉय तिच्या साक्षीला उलटा प्रश्न विचारीनासे झाले.

सदतीसच्या जुलैत मिसेस विनिफ्रेड टारबॉक्स आली. मॅसॅच्युसेट्सची, चाळिशीची, भूगोलाची शिक्षिका. पहिल्या जेवणाला तिनं "नेवाडा" असा लांब आकार लावला आणि टेबलावरचे सगळे काटे थांबले.

"नेव्हॅडा," ग्रासी म्हणाली. "तसं म्हणालात तर सहा आठवड्यांनीसुद्धा कुणी रहिवासी मानणार नाही."

मी एकटा माणूस, रात्रीचं जेवण ग्रासीकडेच. त्यामुळे विनिफ्रेडची हकिकत मलाही कळली. नवरा चार वर्षं दुसऱ्या शहरात एका दंतवैद्याच्या विधवेकडे राहत होता. पण तिकडच्या कोर्टात असली लक्तरं वेशीवर टांगावी लागतात. आमच्याकडे 'मानसिक क्रूरता' म्हटलं की पुरतं. अर्जात तिनं लिहिलं होतं की नवरा न्याहारीला गातो.

तिच्यात वेगळं होतं ते एकच. आमच्या कोर्टात प्रत्येक पाहुणीला विचारतात, 'नेव्हॅडात कायम राहण्याचा इरादा आहे?' आणि दुपारच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये असलेली प्रत्येक पाहुणी म्हणते, 'आहे.' विनिफ्रेडचा खरोखर होता. आमच्या शाळेत भूगोलाची जागा रिकामी झाली होती. पण शाळेला लग्न झालेली बाई चालत नसे. कुमारिका चाले, विधवा चाले, घटस्फोटितही चाले, फक्त नवरा नावाचा प्राणी शिल्लक नको. शुक्रवारी, तीन सप्टेंबरला, संध्याकाळी पाच वाजता शाळा समितीची बैठक होती. तेव्हा हातात निकाल असेल तर जागा तिची. नाहीतर अध्यक्षांची भाची तयारच होती. तिला भूगोल येत नव्हता, पण नवराही नव्हता.

विनिफ्रेड तेवीस जुलैला उतरली होती. दोन सप्टेंबरला बेचाळीस दिवस भरत होते आणि तीनला सकाळी सुनावणी. एक दिवस जरी कमी पडला असता तर शनिवार, रविवार, सोमवारी कामगार दिनाची सुट्टी, म्हणजे थेट मंगळवार. मंगळवारी शाळा भाचीला घेऊन उघडली असती.

सव्वीस जुलै हा सेंट ॲनचा दिवस. तेव्हा दरवर्षी त्या सणाला ग्रासी दिराच्या मेंढपाळासाठी शिधा घेऊन डोंगरावर जायची. त्या आठवड्यात घरात विनिफ्रेड एकटीच पाहुणी होती. तिला मागे ठेवली तर रोज बघणार कशी? म्हणून ग्रासीनं तिला खेचरावर बसवलं. रविवारी गेल्या, सोमवार सगळा वर काढला, मंगळवारी उतरल्या. मेंढपाळ मानेक्सनं खड्ड्यात निखारे घालून भाकर भाजली आणि रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा कुत्र्याला दिला. विनिफ्रेडला दुसरा मिळाला. हा मोठाच मान होता, हे तिला सांगावं लागलं नाही. त्या जागेला टॉलिव्हरचं कुरण म्हणतात. ग्रासीनं सोमवारचा दाणा बरोबर नेलेल्या पुडीतून मोजून खिशात टाकला आणि घरी येऊन बरणीत.

आता दोन सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळचं जेवण. मानेक्स मीठ न्यायला खाली आला होता. बेचाळीस दाणे लसणीबरोबर शिजायला टाकायच्या बेतात ग्रासी बरणी घेऊन उभी होती.

"बाई," मानेक्स विनिफ्रेडला म्हणाला, "तुमचं नाव झाडावर कोरलंय मी. कुरणाच्या वरच्या अंगाला."

आमच्या डोंगरात ॲस्पनची झाडं आहेत, पांढऱ्या सालीची. मेंढपाळ चाकूच्या टोकानं सालीवर अगदी बारीक ओरखडा काढतो. त्या दिवशी काहीच दिसत नाही. मग झाड जखम भरत जातं, खपली काळी पडते, आणि चार-पाच वर्षांनी अक्षरं ठसठशीत उमटतात. लिहितो मेंढपाळ, छापतं झाड. एकटी माणसं तिथे आपलं नाव, साल, कधी गावातल्या मुलीचं नाव लिहून ठेवतात.

"नुसतं नाव?" विनिफ्रेडनं विचारलं.

"तुम्ही शिकवणाऱ्या. म्हटलं, अर्धवट नको. नाव, साल, आणि खाली ठिकाण. कॅलिफोर्निया."

ग्रासीच्या हातातली बरणी टेबलावर आली.

"कॅलिफोर्निया का लिहिलंस?"

"तिकडच्या जंगलखात्याचा रेंजर बोलला ना गेल्या साली. म्हणाला, हे कुरण आमच्यात येतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मेंढ्यांना पण नाही सांगितलं, अमाची. गवत तेच आहे."

मानेक्सला काय झालं ते कळेना. तो मिठाची गोणी घेऊन खेचराकडे गेला. टेबलावर आम्ही तिघं उरलो. मला कुणी ऊठ म्हटलं नाही, म्हणून मी कॉफी संपवत बसलो. ती संपलेली होती.

ग्रासीनं बरणीतून एक दाणा काढला आणि मेजाच्या कडेला ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"ओढा पश्चिमेला, कॅलिफोर्नियाकडे वाहत होता," विनिफ्रेड म्हणाली. "पण ओढ्याच्या दिशेवरून सरहद्द ठरत नाही, असं मी मुलांना शिकवते. गेले पाच आठवडे स्वतःलाही तेच शिकवतेय."

"मग तेव्हाच बोलायचं ना. गेलेला दिवस तर परत आणता आला नसता, पण बैठक पुढे ढकला म्हणून शाळेत कुणाच्या तरी पाया पडले असते मी."

"बोलले असते तर तुम्हाला ठाऊक झालं असतं. मी न बोलल्यानं तुम्ही तुमच्या समजुतीनं खरं तेच बोलणार होतात." विनिफ्रेडनं दाण्याकडे पाहिलं. "आणि ग्रासीबाई, तुम्ही तशा शपथेवर काही सांगतच नाही. 'नाहीतर कुठे' हा प्रश्न आहे. व्याकरणात त्याला उत्तर म्हणत नाहीत."

"त्याच्या पुढे मी हो म्हणते."

"उद्या प्रश्नावर थांबा."

ग्रासी हसली, पण फार नाही. "हे बघा, त्या खोलीत माझ्याआधी जी बसते ती खोटं बोलते. कायम राहणार म्हणते आणि तीनच्या गाडीनं जाते. वकिलाला ठाऊक, न्यायाधीशाला ठाऊक, या कारकुनाला ठाऊक. तरी सगळं चालतं, कारण मग मी येते. मी पण तसलीच निघाले तर तिथे उरलं काय? झेंडा आणि स्टोव्ह."

"तुमच्या खोल्यांत उतरलेल्यांत कायम राहणार आहे ती मी एकटी," विनिफ्रेड म्हणाली. "आणि मलाच जावं लागणार."

ग्रासीनं कडेचा दाणा रुमालात बांधला. तिनं एक्केचाळीस दाणे शिजवले. त्या रात्री रश्शाला चव होती असं मी म्हणणार नाही.

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात ग्रासीनं विनिफ्रेडच्या वकिलांना, स्लोकमना, सगळं सांगितलं. स्लोकमनी आधी टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"मिसेस एचेबेरी, डोंगरावर भिंत बांधलेली नाही. सरहद्द तिथूनच जाते असं कुणाला ठाऊक?"

"रेंजरला."

"रेंजर झाडं मोजतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बघू," ग्रासी म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो.

विनिफ्रेडची साक्ष झाली. कायम राहण्याचा इरादा आहे का विचारल्यावर ती इतक्या मनापासून हो म्हणाली की न्यायाधीशांनी सवय नसल्यानं वर पाहिलं. मग ग्रासी उभी राहिली. बायबल मी धरलं.

"फिर्यादीला ओळखता?"

"ओळखते."

"बेचाळीस दिवस रोज पाहिलंत?"

"रोज."

स्लोकमनी घसा साफ केला. "नेव्हॅडा राज्यात?"

न्यायाधीश पॉमरॉय कागद वाचत होते. "साक्षीदारानं हो किंवा नाही..." एवढं म्हणून ते थांबले, कारण त्यांच्या वाक्याआधी यायचं वाक्य आलंच नव्हतं.

ग्रासीनं रुमाल सोडला आणि साक्षीदाराच्या कठड्यावर राजम्याचा दाणा ठेवला.

"एक्केचाळीस दिवस नेव्हॅडात, साहेब. हा बेचाळिसावा. सव्वीस जुलै. त्या दिवशी मी तिला सकाळपासून झोपेपर्यंत पाहिलं. कुठे पाहिलं ते मला सांगता येत नाही. माझा मेंढपाळ कॅलिफोर्निया म्हणतो."

"जागा कोणती?"

"टॉलिव्हरचं कुरण."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ते तरुणपणी खाणीत उतरलेले होते आणि त्यांना घाई करायची सवय नव्हती. विनिफ्रेड समोरच्या बाकावर हातमोज्यांची बोटं एक एक करून सरळ करत होती.

"कारकून," ते मला म्हणाले, "टॉलिव्हरची फाईल आणा."

ती मागच्या कपाटात, सगळ्यात खाली, उंदरांनी सोडलेल्या अवस्थेत होती. आणली.

"काय आहे?"

"अब्नर टॉलिव्हर, साहेब. १८८४. त्या कुरणात पत्त्यांच्या डावावरून भागीदाराला गोळी घातली. याच कोर्टानं फाशी दिली."

"दिली? की नुसतीच सुनावली?"

"दिली. मागच्या अंगणात."

"बचावाच्या वकिलानं हरकत घेतली होती का?"

मी पानं उलटली. "सरहद्दीबद्दल नाही, साहेब. फक्त निर्दोष असल्याबद्दल."

"ती फेटाळली."

"फेटाळली."

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला. "हे कुरण कॅलिफोर्नियात असेल, तर या कोर्टानं ज्याच्यावर आपला काही अधिकार नव्हता असा एक माणूस टांगला असं होईल. त्याची माफी मागावी लागेल, आणि तो हजर राहू शकत नाही. तेव्हा कुरण नेव्हॅडात आहे. मिसेस एचेबेरी, बेचाळीस दिवस?"

"कोर्ट तसं म्हणतं?"

"कोर्ट तसं म्हणतं."

"मग बेचाळिसाव्याची शपथ कोर्टानं घ्यावी. मी एक्केचाळीस म्हणते."

स्लोकमनी डोळे मिटून घेतले. माझी लेखणी थांबली. त्या खोलीत असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि मी तिथे बराच काळ आहे.

"लिहा," पॉमरॉय शेवटी म्हणाले. "एक्केचाळीस दिवस साक्षीदाराच्या सांगण्यावरून. एक दिवस कोर्टाच्या माहितीवरून. अर्ज मंजूर. आणि तो दाणा उचला, नाहीतर हरवेल."

मी तो पाकिटात घालून वर 'पुरावा क्रमांक एक' लिहिलं. अजून फाईलमध्ये आहे. त्या दिवशी कामाला अकरा मिनिटं लागली.

पाच वाजता विनिफ्रेड निकालाचा कागद घेऊन समितीपुढे उभी राहिली. अध्यक्षांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, मागची बाजू कोरी होती तरी, आणि जागा तिला द्यावी लागली. अंगठी मात्र तिनं हौदात टाकली नाही. ती म्हणाली, "मंगळवारपासून रोज याच रस्त्यानं शाळेत जायचंय. लोहाराच्या तोंडाकडे बघवणार नाही." ग्रासीकडची खोली तिनं सोडलीच नाही. बरणी मात्र रिकामी होऊन फडताळात परत गेली. इथल्या बाईला कुणी मोजत नाही.

ग्रासीनं पुढेही कित्येक वर्षं साक्षी दिल्या, पण 'नाहीतर कुठे' पुन्हा कधी म्हणाली नाही. 'नेव्हॅडा राज्यात?' विचारलं की म्हणायची, "माझ्या माहितीप्रमाणे." नव्या वकिलांना त्यानं घाम फुटायचा. न्यायाधीशांना तेच जास्त आवडायचं.

सेहेचाळीस साली विनिफ्रेड आठवीचा वर्ग घेऊन त्या कुरणात गेली. सरहद्दीचा लोखंडी खांब रानात कुठे आहे ते तिनं नकाशावरून शोधलं होतं. मुलांनी होकायंत्र आणि मोजणीची साखळी घेऊन दिवसभर मोजलं, दोनदा. झाडही सापडलं. नऊ वर्षांत त्यानं आपलं काम केलं होतं: WINIFRED, 1937, CALIFORNIA, टेबलावरच्या ताटाएवढी काळीभोर अक्षरं. N तेवढे उलटे.

त्या संध्याकाळी ती चिखलाच्या बुटांनीच स्वयंपाकघरात आली. मी जेवत होतो.

"ग्रासीबाई, मोजलं आम्ही. कुरण कॅलिफोर्नियात आहे. चांगलं सव्वातीनशे पावलं आत."

मला वाटलं, ग्रासी आता घटस्फोटाबद्दल विचारणार. विनिफ्रेडलाही तसंच वाटलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "त्याची काळजी नको. माझा जुना नवरा तेव्हापासून दोन लग्नं करून बसलाय. मोडायला उरलंय कुठे?"

ग्रासीनं डाव खाली ठेवला.

"आणि टॉलिव्हर?"

पॉमरॉय आदल्या वर्षी वारले होते. माफी मागणाराही आता हजर राहू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ग्रासी पाद्र्याकडे गेली आणि दर सव्वीस जुलैला अब्नर टॉलिव्हरच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी असं सांगितलं. पाद्री नवा होता. तो म्हणाला, "पण तो कॅथलिक होता का?"

"विचारायची सोय नाही, फादर. चुकून दुसऱ्याच राज्यानं फाशी दिली त्याला. आता चुकून दुसऱ्याच पंथानं प्रार्थना केली तर त्याचं काय आणखी बिघडणार आहे?"

पहिल्या वर्षी चर्चमध्ये चौघं होतो. ग्रासी, विनिफ्रेड, मीठ न्यायला आलेला मानेक्स आणि मी. मी चर्चला जाणारा माणूस नाही. पण कोर्टाच्या वतीनं कुणीतरी हजर असावं, असं मला वाटलं.